मागच्यानं पाठ बघायची

त्या रविवारी सकाळी नामदेवरावांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही उचलला नाही. त्यांनी पुन्हा केला. मग त्यांनी मला फोन करून सांगितलं, "एक नंबर उचलत न्हाई." दुपारी चारठाण्याहून तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. तुम्ही गेला होता.

मधला सगळा वेळ आम्ही तुमची थट्टा करत होतो, काका. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आधी हेच सांगते. मी म्हणाले, "कुठंतरी लग्नाला गेले असतील, फोन घरी विसरून." नामदेवराव म्हणाले, "येऊ द्या परत, बघतोच. नियम आमाला शिकवायचे अन् सोता पंगतीत जाऊन बसायचं!" मानवतहून फोनवर ते हसत होते आणि सेलूला मी हसत होते. तेव्हा तुम्ही शेतात, बांधावरच्या लिंबाखाली बसलेले होता. फोन घरात कोनाड्यात वाजत होता. काकू चुलीपाशी होत्या. रविवारचा फोन तुमचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे तुम्हीच घरात ठरवून दिलेलं. त्यांनी तो वाजू दिला.

लोक म्हणाले, सुखानं गेले. तसं असेल. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी साखळी तुमच्यापर्यंत येऊन पोचली होती. तुमच्या मागची सगळी माणसं बरी होती आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता.

साखळीचं आता सांगायला हवं. तुम्हाला नव्हे, हे वाचतील त्यांना. तुम्ही मधे बोलू नका.

एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही पॅरा पलटणीत होता. पूर्वेकडे, बंगालच्या भातशेतांवर, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तुम्ही विमानातून छत्रीनं खाली उतरलात. आपल्या जिल्ह्यातले जे त्या उडीत होते त्यांत माझे बाबाही होते. उडी मारण्याआधी विमानात एक तपासणी होते. सगळे एकामागे एक उभे राहतात. सगळ्यांत मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवरची छत्री बघतो, पट्टे ओढून पाहतो, पाठीवर थाप मारतो आणि आपला नंबर ओरडतो. मग तो पुढचा त्याच्या पुढच्याची पाठ बघतो. अशी ओरड पुढं सरकत दारापाशी उभ्या असलेल्या पहिल्या माणसापर्यंत येते आणि तो सांगतो, "सगळे ओके." त्यानंतर दारातून बाहेर. मी शाळकरी होते तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, ज्यानं त्यानं आपापलं तपासून घेतलं तर लवकर नाही का होणार? तुम्ही हातातली बशी खाली ठेवलीत.

"आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, माय. मागच्यानं बघायची असती."

लढाईनंतर काही वर्षांनी तुम्ही घरी आलात आणि एस.टी.त कंडक्टर झालात. इतर माजी सैनिकही झाले असतील, पण तुम्ही गाडीचा जो उपयोग केलात तो कुणी केला नसेल. जिंतूर, परभणी, मानवत, पाथरी, सेलू. तुमची ड्यूटी ज्या मार्गावर लागे त्या मार्गावरचा छत्रीवाला स्टँडवर येऊन उभा राहायचा. तुम्ही दारातून वाकून त्याच्याकडे बघायचात. तो आपला नंबर सांगायचा, घरचं दोन शब्दांत सांगायचा, आणि तुम्ही ते पुढच्या स्टँडवर पोचवायचात. नंबरही तुम्हीच वाटलेले. विमानातले खरे नंबर कुणाला आठवत होते? आपल्या भागातले नऊ जण, म्हणून एक ते नऊ. एकदा मी आईबरोबर तुमच्या गाडीत होते. मानवतच्या स्टँडवर नामदेवराव त्यांच्या म्हशीचं आजारपण सांगत उभे राहिले आणि गाडी हलेना. मागून एक बाई ओरडली, "ओ कंडक्टर, म्हैस ओके झाली असंल तर मारा की घंटी!"

पुढं घराघरांत फोन आले, मग खिशात आले, आणि स्टँडवरचं काम रविवारी सकाळी फोनवर होऊ लागलं. नवव्यानं आठव्याला फोन करायचा, आठव्यानं सातव्याला, असं करत दोन नंबरचे नामदेवराव तुम्हाला. तुम्ही फोन ठेवून अंगणात मोठ्यानं म्हणायचात, "सगळे ओके!" ते कुणाला उद्देशून होतं हे मला कधी कळलं नाही. काकूंना मात्र कळायचं. त्या चहा टाकायच्या.

या कामातली तुमची एक रीत होती आणि तिच्यावाचून हे सगळं नुसतं कवायतीचं नाटक झालं असतं. पुढच्याला ‘कसे आहात’ असं विचारायचं नाही. "बरा हाय असं माणूस मरतानाबी सांगतंय," तुम्ही म्हणायचात. विचारायचं, काल काय खाल्लं. कुणी वाढलं. किती खाल्लं. खाण्यावरून घरातलं सगळं कळतं, हे तुमचं म्हणणं, आणि ते खरं ठरत गेलं. काल काही खाल्लं नाही म्हणणाऱ्याची सून माहेरी गेलेली निघे. दोन दिवस खिचडीच खाल्ली म्हणणाऱ्याचा दात दुखत असे. सोमवारी तुम्ही किंवा तुम्ही धाडलेलं कुणीतरी त्याच्या दारात असे.

माझे बाबा त्या लढाईतून परत आले नाहीत. मी पाळण्यात होते. तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा आईनं तुम्हाला पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. दर खेपेला तसंच. तुम्ही ओसरीवर बसून माझ्याशी बोलायचात, पेरू द्यायचात, जायचात. पुढं फोनची साखळी सुरू झाली तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत की चार नंबर बाबांच्या नावानं राखून ठेवला होता, आता तो तिचा. मी तिथंच पुस्तक घेऊन बसले होते. वाचायचं सोंग करत होते, कारण आई अशा वेळी काय बोलेल याचा नेम नसे.

"मी ओके न्हाई," आई म्हणाली. "मग ओके कशाला म्हणू?"

"मग तसंच सांगा, वैनी," तुम्ही म्हणालात. "चार, ओके न्हाई. तेबी चालतंय की. विमानात कुनी खोटं ओके म्हनलं तर खाली जाऊन कळतंय."

तिला हे पटलं, याचं मला आजही नवल वाटतं. पुढचे कित्येक महिने ती दर रविवारी पाथरीच्या बशीरभाईंना फोन करायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "चार, ओके न्हाई." बशीरभाई तीन नंबर. तुमच्या पलटणीतले नव्हेत, लढाईत दवाखान्याच्या तुकडीबरोबर उतरलेले, पण उडी मारली म्हणजे आपला, असं म्हणून तुम्ही त्यांना मधे घेतलेलं. ते म्हणायचे, "हौ भाभी, मैं बी कहाँ ओके हूँ?" आणि दोघं आपापली दुखणी काढून अर्धा तास बोलत बसायचे. तिकडं चारठाण्याला तुम्ही फोनपाशी येरझारा घालायचात आणि काकू विचारायच्या, चहा टाकू का आता दुपारचाच टाकू?

मग एका रविवारी आई म्हणाली, "चार ओके. पण गुडघा लय दुखायलाय." म्हणाली आणि घाईनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुम्ही तेलाची बाटली घेऊन आलात. तेल कोमट कसं करायचं एवढंच सांगितलंत. आईनं पहिल्यांदा तुम्हाला जेवायला वाढलं.

बशीरभाईंची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे, इथं पुन्हा सांगते, कारण तुम्हाला ती ऐकायला आवडायची आणि दर वेळी तुम्ही त्यात नामदेवरावांची पदकं वाढवायचात. आई गेल्यावर चार नंबर माझ्याकडे आला होता. मी रविवारी पाथरीला फोन लावला, उत्तर नाही. पुन्हा लावला, नाही. नियमाप्रमाणे तुम्हाला कळवलं. तुम्ही म्हणालात, "निघ." मी सेलूहून निघाले, तुम्ही जिंतूरच्या गाडीनं, आणि मानवतहून नामदेवराव भाड्याची जीप करून आले. अंगात कोट आणि कोटावर सगळी पदकं, कारण त्यांनी प्रवासातच मनाशी शेवट ठरवून टाकला होता. घराला कुलूप. शेजाऱ्यांना ठाऊक नाही. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. येणारे जाणारे थांबले, विचारपूस करून तेही बसले. कुणीतरी सतरंजी आणली. तिसऱ्या प्रहरी बशीरभाई रिक्षातून उतरले, अंगाला अत्तराचा वास, हातात बिर्याणीचा डबा. जावयाकडची दावत होती आणि फोन उशीखाली राहिला होता. त्यांनी आपल्या ओसरीवरची गर्दी पाहिली, सतरंजी पाहिली, नामदेवरावांची पदकं पाहिली आणि डबा छातीशी धरून ते रडायलाच लागले.

"या अल्ला, कौन गुजर गया?"

"तुमी!" नामदेवराव गरजले.

डबा आम्ही तिथंच सगळ्यांनी मिळून संपवला. परतीच्या गाडीत तुम्ही इतके हसत होता की शेजारच्या माणसानं तुम्हाला पाण्याची बाटली दिली. पण सेलू जवळ आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "इतकी मान्सं धावत येत असतील तर मेलेलं काय वाईट हाय?" त्या वाक्यावर मी तेव्हा हसले होते.

नामदेवरावांशी तुमचं एकच मोठं भांडण होतं आणि ते तुम्ही आयुष्यभर पुरवून पुरवून भांडलात. त्यांचं म्हणणं, ज्यानं उडी मारली त्याचाच नंबर. तो गेला की नंबर मिटला, मागच्यांनी पुढं सरकायचं. बायका, मुली, जावई यांना नंबर कसा? "उद्या कुत्र्यालाबी नंबर देचाल," असं ते म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, उडी त्यांनीबी मारली, फक्त त्यांना छत्री न्हवती. तरी नामदेवराव पुन्हा सुरू करायचे.

त्या भांडणावर तुम्ही काढलेला तोडगा तुम्हालाच सुचू शकतो. दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत सगळी कुटुंबं तुमच्या शेतावर जमायची. त्या उडीचे तेच दिवस. कोवळ्या ज्वारीची कणसं भाजायची, चटणी-गुळाबरोबर खायची, वांगी भाजायची, दिवस घालवायचा. एका वर्षी तुम्ही बैलगाडी बांधाला लावून उभी केलीत आणि जाहीर केलंत की ज्याला ज्याला नंबर पाहिजे त्यानं गाडीच्या मागून उडी मारायची. पाय जोडून, गुडघे सैल, हनुवटी छातीला. मागच्यानं पाठ बघून थाप मारल्याशिवाय उडी नाही. माझी आई साठीची होती. तिनं पदर खोचला, गाडीवर चढली, मागं उभ्या असलेल्या पूर्ण्याच्या सुमनबाईंनी तिची पाठ तपासली आणि आई उडी मारून कडब्यावर उतरली. उठली, लुगडं झटकलं आणि नामदेवरावांना म्हणाली, "झालं का? का अजून विमान आणतायसा?"

नामदेवरावांनी सलाम ठोकला. भांडण मिटलं असं आम्हाला वाटलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते जावयांवरून काढलं.

मी उडी मारली तेव्हा माझा चष्मा कडब्यात हरवला आणि सगळे तो शोधत बसले. काकूंनी कधीच मारली नाही. "हुरडा भाजू का उड्या मारू?" एवढंच त्या म्हणायच्या, आणि तुम्ही आग्रह करत नव्हता. तुम्ही होतात, म्हणून त्यांना नंबर लागतच नव्हता.

त्याच शेतावर, जेवणं झाल्यावर, तुम्ही तळ्याची गोष्ट सांगायचात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तुम्ही शेत समजून उतरलात ते तळं निघालं. तुम्हाला पोहता येत नव्हतं. छत्रीच्या दोऱ्या पायात, तोंडात शेवाळ. बाबा काठावर उतरले होते. त्यांनी दोऱ्या धरून तुम्हाला ओढून काढलं आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हे: "रंग्या, गावाकडं प्यायला पानी न्हाई अन् तू हितं डुंबायलास व्हय?" मग म्हणे तुम्ही दोघं चिखलात बसून, लढाई चालू असताना, आवाज न करता हसत राहिलात.

"पुढं?" मी दर वर्षी विचारायची.

"पुढं काय. कपडे वाळवले."

गोष्ट तिथं संपायची. त्यानंतरच्या काही दिवसांत बाबा गेले हे मला ठाऊक होतं, तुम्ही तिथं होतात हेही ठाऊक होतं. तुम्ही कधी पुढचं सांगितलं नाहीत आणि मी त्या एका शब्दापलीकडं विचारलं नाही. मी ग्रंथालयात आयुष्य काढलेली बाई. गोष्टीची शेवटची पानं फाटलेली असली की वाचक येऊन माझ्याशी भांडतात. तुमच्याशी मी भांडले नाही. आता विचारायला माणूस उरला नाही. पण हेही खरं की तुम्ही तिथं थांबलात म्हणून माझे बाबा माझ्या डोळ्यांसमोर अजून त्या काठावर बसलेले आहेत, चिखलानं माखलेले, तोंडावर हात धरून हसणारे. मला बाबांचा चेहरा आठवत नाही. त्यांचं हसू मात्र तुम्ही मला दिलंत. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण मानले असते तर तुम्ही विषय बदलून ज्वारीकडे वळला असतात.

आपलं भांडण मात्र राहून गेलं. गेल्या हुरड्याला आपण बांधावर बसलो होतो. नवांपैकी उडी मारलेले तेव्हा चौघे उरले होते, बाकीचे नंबर आम्ही बायकामुलं सांभाळत होतो. मी म्हणाले, काका, तुमच्यातला शेवटचा माणूस असेपर्यंत हे चालवू. मग थांबवू. नीट, आदरानं. नाहीतर पुढं पुढं त्यात काही अर्थ उरणार नाही, रविवारचा एक उपचार होऊन बसेल. ज्यांनी विमान पाहिलं नाही ती माणसं एकमेकांना नंबर सांगत बसतील.

मी हे विचार करून बोलले होते. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही कणीस चोळत राहिलात. मग म्हणालात, "लायब्ररीबाई, थांबवायला काय लागतंय? एक फोन न्हाई केला की झालं." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या हुरड्याला बोलू. आता खा, थंड होयलाय."

पुढचा हुरडा यायच्या आधी तुम्ही गेलात. यात तुमची चलाखी आहे असं मला अधूनमधून वाटतं.

तुम्ही गेल्यानंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी होते. दिवस व्हायचे होते. पुण्याहून प्रशांत आला होता. तुमचा मुलगा तुमच्यासारखा दिसत नाही, पण कपाळाला हात लावून बसतो तेव्हा तुमच्यासारखा बसतो. तो म्हणाला, "ताई, बाबांनी खूप केलं. आता त्यांच्याबरोबर हे संपलं असं समजू. आईला त्रास नको." हे माझंच मत होतं, तुमच्याशी वाद घालताना मांडलेलं. एक नंबर नाही म्हणजे ऐकणारा नाही. ऐकणारा नसेल तर नऊ नंबरनं सुरुवात तरी कुणासाठी करायची?

पण नऊ नंबरच्या सुमनबाईंना कुणी थांबवलं नव्हतं. त्यांनी पूर्ण्याहून सुरुवात केली होती. माझा फोन वाजला आणि पाच नंबर म्हणाले, "पाच ओके. काल काय खाल्लंत, ताई?" मी सांगितलं. फोन ठेवला. आता साखळी माझ्या हातात होती. तुम्ही म्हणाला होता तसं, एक फोन केला नाही की झालं. प्रशांत माझ्याकडे बघत होता. मी ठरवलं, बशीरभाईंना नुसतं कळवावं की आजपासून हे बंद. निदान सांगावं तरी.

मी फोन लावला. आणि सवयीनं तोंडातून निघालं ते वेगळंच: "चार ओके. कल क्या खाया, चाचा?"

मग ते म्हणाले, "कुछ नहीं खाया गया, बेटी. चार दिन हो गए."

त्यानंतर बंद करण्याचं बोलायला मला तोंड नव्हतं. मी त्यांना रागावले. सून घरात आहे का विचारलं, तिला फोन द्यायला लावला, दूध-भाकरी कुसकरून द्यायला सांगितली, उद्या येते म्हणाले. मग त्यांना म्हणाले, "चाचा, पुढं फोन करा. नामदेवराव वाट बघत असतील." हे मीच म्हणाले, काका. उपचार, अर्थ, आदरानं शेवट, यातलं एकही तेव्हा मला आठवलं नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. तुमचा फोन कोनाड्यातच होता. कुणी हलवला नव्हता. तो वाजला तेव्हा प्रशांत उठला. काकू म्हणाल्या, "थांब." त्या पदराला हात पुसत गेल्या आणि त्यांनी तो उचलला. नामदेवराव फोनवर किती मोठ्यानं बोलतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दोन ओके," नामदेवराव म्हणाले.

काकूंनी वाट पाहिली. मग विचारलं, "भाऊजी, काल काय खाल्लं?"

"वैनी, हे मी इचारायचं असतंय. मी मागचा हाय. तुमी काय खाल्लं ते सांगा."

"मी आदी इचारलंय."

"पर नियम..."

"नियम मला सांगू नका. इतकी वर्सं तुमच्या नियमापायी माझा चहा उतू गेलाय. काय खाल्लं?"

"पिठलं," नामदेवराव म्हणाले. "अन् अर्धी भाकर."

"अर्धी कामून?"

मग नामदेवरावांनी नाक ओढलं आणि जे बोलले ते मी आहे तसं इथं लिहून ठेवते, कारण तुम्ही ते ऐकण्यासाठी कितीतरी वर्षं भांडलात. ते म्हणाले, "वैनी, एक नंबर तुमचा. आजपासून. मी सगळ्यांना सांगतो. अन् उडी तुमाला माफ."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. काकू फोन हातात धरून दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या पाठीवर पदर नीट नव्हता, तो मी उठून नीट केला.

"माफी नको तुमची," काकू म्हणाल्या. "हुरड्याला या, मग बघू. अन् आज आक्खी भाकर खावा."

त्यांनी फोन कोनाड्यात ठेवला. अंगणात जाऊन "सगळे ओके" असं त्या म्हणाल्या नाहीत. चुलीपाशी गेल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी चहा टाकला. मी निघताना प्रशांतनं आपला फोनचा नंबर मला दिला आणि म्हणाला, आईनं कधी उचलला नाही तर मला लगेच सांगा.

आपल्या वादाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. तुमचं म्हणणं मला पटलं असं मी लिहिणार नाही. वाद घालायला तुम्ही नसताना हरणं मला मान्य नाही. शेवटचा उडी मारलेला माणूस जाईल त्या दिवशी काय करायचं हा प्रश्न तिथंच आहे. त्या दिवशीही कुणीतरी जेवलं नसेल एवढं मला आता दिसतं.

तुमच्या शेतातली ज्वारी गुडघ्याला लागली आहे. बशीरभाई जेवू लागले आहेत आणि सुनेची तक्रारही करू लागले आहेत. नामदेवरावांनी काकूंना नंबर दिल्याचं साऱ्या मानवतला सांगून झालं आहे, जणू ही कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. उडी मारलेले आता तिघे आहेत. रविवारी सकाळी फोन काकू घेतात.